आवाज बसला तो मार्च

मार्च लागला की अमरावतीच्या उन्हाचा स्वभाव बदलतो. कालपर्यंत पाठीवर हात फिरवणारं ऊन अचानक डोळे वटारतं. कडुलिंब पानं झाडून मोकळे होतात, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि शाळा सकाळच्या होतात. मी निवृत्त झाले, अकोल्याचं बिऱ्हाड मोडून माझ्या जन्मगावी, इथं अमरावतीला, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तरी सकाळच्या शाळेची सवय गेली नाही. मला कुठंच जायचं नसतं. तरी अंधार असताना जाग येते आणि चहाचा कप घेऊन मी गॅलरीत उभी राहते. खालून झोपेतली पोरं जातात. कुणाच्या दप्तराची चेन उघडी, कुणाच्या वेणीला एकच रिबीन. मी मनातल्या मनात त्यांच्या चुका काढते. वरून कुणाला हाक मारून सांगावं, इतकी कुणाची ओळख नाही.

खालच्या मजल्यावर केतकी राहते. गेल्या जूनपासून ती एका शाळेत शिकवायला लागली. जूनमध्ये तिचा आवाज सनईसारखा होता. आता मार्चमध्ये तो फुटक्या पिपाणीसारखा झालाय. परवा ती जिना चढून वर आली आणि दारातच बसली.

"काकू, वर्ग गप्प करायचा काहीतरी उपाय सांगा हो. ओरडून ओरडून घसा गेला माझा."

मला इतका आनंद झाला, की मी आधी तिच्यासाठी सरबत केलं. मग सांगायला बसले. वर्ग जितका मोठ्यानं बोलेल, तितकं आपण हळू बोलायचं. मागच्या बाकावरच्यांची नावं आधी पाठ करायची, कारण पुढच्या बाकावरचे आपलं नाव स्वतःच दहादा सांगतात. 'समजलं का?' असं कधीही विचारायचं नाही. सगळा वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो, आणि त्या 'हो'चा अर्थ 'आता सोडा' एवढाच असतो. दोघं भांडले तर 'सुरुवात कुणी केली' हे विचारायचं नाही. तास संपेल, सुरुवात सापडणार नाही. उन्हाळ्यात पंख्याखालची जागा दर आठवड्याला बदलायची, नाहीतर तिच्यासाठी पानिपत होतं. आणि पाणी प्यायला एकालाच सोडायचं. तहान हा गोवरापेक्षा वेगानं पसरणारा रोग आहे.

केतकी हसत होती आणि मोबाइलमध्ये लिहून घेत होती. "काकू, हे तुम्ही शिकलात कुठं?"

"अकोल्याला," मी म्हणाले, "एका मार्चमध्ये. तेव्हा माझा आवाजच गेला होता."

"अय्या, म्हणजे?" तिनं विचारलं, आणि तेवढ्यात खालून तिच्या सासूबाईंनी हाक मारली. "येते हं काकू, नंतर नक्की सांगा," म्हणत ती उतरली. ती नंतर काही आली नाही. त्यात तिचा दोष नाही. पेपर तपासायचे दिवस आहेत, घर आहे. पण सांगायला घेतलेली गोष्ट परत आत ढकलता येत नाही. जेवताना ती ताटाशी येऊन बसते.

तेव्हा मी अकोल्याच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होते. लग्न केलं नव्हतं. आई आणि मी, भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर. आईला ऐकू कमी येई. यंत्र आणलं होतं, ते तिनं डब्यात घालून फडताळात ठेवलं होतं, 'खराब होईल' म्हणून. त्यामुळे मी शाळेत दिवसभर ओरडत असे आणि घरी येऊन आईशी ओरडत असे. 'आई, भाजीत मीठ जास्त झालं!' हे तिला ऐकू जाईपर्यंत खालच्या घरमालकांना, समोरच्या शिंपीदादांना आणि बोळातल्या गाईला कळलेलं असे. समोरच्या वहिनी भेटल्या की म्हणायच्या, "काल वांगी खारट झाली होती ना हो?" आमच्या घरात गुपित म्हणून काही उरलंच नव्हतं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात आई गेली. झोपेतच गेली. कुणाला त्रास दिला नाही, असं सगळे म्हणाले. पुढे कितीतरी दिवस मी कुलूप काढून आत शिरताना तेवढ्याच मोठ्यानं म्हणत असे, "आई, आले गं!" आणि मग चपला काढता काढता थांबत असे. बोळातून कुणी काही म्हणत नसे. ऐकू तर सगळ्यांना जात होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका तासाला, शिकवता शिकवता, वाक्याच्या मधोमध माझा आवाज बंद पडला. दिवे जावेत तसा. ओठ हलत होते, बाहेर नुसती हवा.

घशाचे डॉक्टर वयस्क होते. आरसा घालून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं. "गाठी आल्यात," ते म्हणाले. "हा शिक्षकांचाच आजार. आता सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही. घशाला कुजबुज जास्त वाईट. पाळलंत तर आवाज येईल परत. नाही पाळलंत, तर मग मी काही सांगू शकत नाही." मग औषधं लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

मी एक बोट वर केलं आणि ते स्वतःकडे वळवलं.

"वा! मग तर प्रश्नच नाही. घरी आयताच आराम," ते म्हणाले. ते कागदाकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं, तर कदाचित तसं म्हणाले नसते.

मी रजा टाकली, पण दोनच दिवस. अकोल्याची दुपार ज्यांनी घरात एकटीनं काढली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. खिडक्या बंद, पडदे ओले, कूलरची एकसुरी घरघर, आणि बाहेर पांढरंफटक ऊन. मी कुकर लावला आणि शिट्टीची वाट बघत उभी राहिले. तीन शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद करावासा वाटेना. त्या घरात दिवसभरात आवाज करणारा तो एकटाच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी साडी नेसून शाळेत हजर झाले.

हेडसर चांगले होते, पण व्यवहारी. मी कागदावर लिहिलं: मला रजा नको. त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, नववी ब ला बोलणारे शिक्षक पुरत नाहीत. तुम्ही न बोलता तिथं करणार काय?" मी पुन्हा तेच वाक्य गिरवलं. ते म्हणाले, "बरं. एक आठवडा बघू. गोंधळ माझ्या खोलीपर्यंत आला, तर रजेवर जावं लागेल. वार्षिक परीक्षा तोंडावर आहे, पोरांचं नुकसान नको."

आमच्या खेळाच्या गावंडे सरांनी स्वतःच्या गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. "ठेवा मॅडम. आपली सारी नोकरी हिच्यावर निघाली."

मी वर्गात गेले आणि फळ्यावर लिहिलं: 'माझा आवाज बसला आहे. काही आठवडे मी बोलणार नाही.' वर्गानं ते वाचलं. मग मागच्या बाकावरून एकानं अगदी निरागसपणे विचारलं, "म्हंजे ओरडनार बी नाई?" आणि नववी ब मध्ये दिवाळी सुरू झाली. मी हात वर केले, डस्टर आपटला, शेवटी गावंडे सरांची शिट्टी तोंडात धरून जोरात फुंकली. अख्खा वर्ग उठला, रांगेत लागला आणि मैदानाकडे निघाला. खेळाचा तास लागला असं त्यांना वाटलं. हेडसर व्हरांड्यात येऊन उभे राहिले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

त्या रात्री जेवण गेलं नाही. रजेवर जाण्याची भीती नव्हती, घरी जाण्याची होती.

दुसऱ्या दिवशी मी शिट्टी टेबलाच्या खणात टाकली आणि काहीच केलं नाही. उभी राहिले. मग फळ्यावर बारीक अक्षरात लिहिलं, 'एक माणूस विहिरीत पडला.' आणि खडू खाली ठेवून खिडकीबाहेर बघू लागले. पुढच्या बाकावरच्यांनी वाचलं. "मंग?" कुणीतरी म्हणालं. मी लिहिलं, 'पण विहिरीत आधीच कोणीतरी होतं.' मागच्यांना दिसेना. "काय लिवलं बे? काय लिवलं?" "गप ना, वाचू दे!" पोरं पोरांनाच गप्प करू लागली. मी आजवर ज्यासाठी घसा फोडला, ते काम वर्गानं आपसात वाटून घेतलं. मोठं अक्षर काढलं असतं तर ते झालं नसतं.

मागच्या बाकांसाठी वाचायला कुणीतरी हवंच होतं. ती उठली. प्रतीक्षा तिचं नाव. बाळापूरकडच्या एका खेड्यातून ती रोज एसटीनं यायची. शेतकऱ्याची पोर, दोन घट्ट वेण्या, आणि आवाज असा, की कंडक्टरला घंटी वाजवायची गरज पडू नये. कुणी न सांगता ती उभी राहिली आणि फळा मोठ्यानं वाचू लागली. त्या दिवसापासून ती माझा आवाज झाली.

अडचण एवढीच होती, की ती वाचत नसे, सांगत असे. मी लिहीत असे, 'उद्या सर्वांनी निबंध लिहून आणावा.' प्रतीक्षा वर्गाकडे वळून म्हणे, "उद्या निबंध आना. जो आननार नाई, त्याले मॅडम पाहून घेतीन." मी घाईनं मान हलवून नकार दिला, तर ती म्हणाली, "पाहा, मुंडी हालवली मॅडमनं. म्हंजे नक्कीच पाहून घेतीन." एकदा मी लिहिलं, 'कृपया शांत बसा.' ती म्हणाली, "मॅडम म्हनून राह्यल्या का, गप बसा, नाई त मार खासान." मी जन्मात कुणाला मारलं नव्हतं. पण एकदा एका भित्र्या मुलाच्या वहीवर मी 'छान प्रयत्न' असं लिहिलं आणि तिनं त्याला ते सांगितलं असं: "मॅडम म्हनतात, चुकलं पन चालते." मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. मला तेच म्हणायचं होतं.

आठवडा संपला. हेडसर दारावरून दोनदा गेले, आत डोकावले आणि निघून गेले. रजेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

नव्या शिक्षकाला मी आणखी एक सांगेन. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत न जाता, वर्गातच डबा उघडून बसावं आणि काही विचारू नये. मला तर विचारताच येत नव्हतं. मी उपदेश करणार नाही, रागावणार नाही, मध्येच तोडणार नाही, हे पोरांच्या लक्षात आलं आणि ती माझ्याजवळ येऊन बोलू लागली. कुणाची शेळी व्यायली. कुणाचे वडील सुरतेला गेलेत आणि फोनवर नुसते 'अभ्यास कर' म्हणतात. एकाला चित्रकार व्हायचं होतं, पण ते तो घरी 'इंजिनीअर' असं सांगत होता. मी मान हलवत असे. जवळ एक छोटी पाटी ठेवली होती, तिच्यावर कधी एखादा शब्द. दिवसभरातलं माझं सगळं माणसांतलं जगणं त्या अर्ध्या तासात होतं. मग शाळा सुटे, उन्हाच्या झळा सुरू झालेल्या असत, आणि मी सावकाश घरी जात असे. घाई करण्यासारखं काही नव्हतं.

एक दिवस प्रतीक्षा डबा खाता खाता म्हणाली, "मॅडम, मी पुढच्या साली नाई येनार."

मी पाटीवर लिहिलं, 'का?'

"धाव्वीले संध्याकाळचे जादा तास राह्यतात न. आमची शेवटची गाडी त्याच्या आंधीच जाते. बाबा म्हनते, अंधारात पोट्टी रोडवर उभी राहीन, ते काई जमनार नाई. नववी झाली का बस." पाऊस येईल, नाही येईल, हे सांगावं तशा सुरात ती सांगत होती.

'मग काय करशील?'

"घरी काय काम कमी असते काय वो?" ती म्हणाली. मग तिनं माझ्या हातातली पाटी घेतली, ओढणीनं स्वच्छ पुसली आणि परत दिली. तो विषय संपला, असा त्याचा अर्थ होता.

त्या संध्याकाळी मी आईच्या खोलीतले पडदे काढून धुतले. ट्रंक कोपऱ्यात सरकवली. खाट खिडकीजवळ ओढली, तिथं उजेड चांगला येतो. सणावाराआधीची आवराआवर, असं मी स्वतःला सांगत होते. कुठलाही सण जवळ नव्हता.

रविवारी मी बाळापूरच्या गाडीत बसले. खिडकीतून गरम वारा येत होता. हरभरा निघून गेलेली काळी वावरं दोन्ही बाजूंना, त्यांना पडलेल्या भेगा एवढ्या, की पाटी पडली तर सापडायची नाही. फाट्यावर उतरून थोडं चालत गेले. प्रतीक्षा अंगणात गहू निवडत होती. मला पाहून तिच्या हातातलं सूपच खाली पडलं.

"मॅडम? तुमी? कावून आल्या?"

तिचे वडील उंच, सडसडीत, खांद्यावर दुपट्टा. त्यांनी बाज टाकली, तिच्या आईनं चहा ठेवला. आवाज बसल्याचं त्यांना लेकीकडून माहीत होतंच. मी पिशवीतून पाटी काढली आणि लिहिलं, 'प्रतीक्षा वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी आहे. तिला शिकू द्या.' आणि पाटी नेहमीप्रमाणे तिच्या हातात दिली.

ती पाटीकडे बघत राहिली. कानापर्यंत लाल झाली.

"काय म्हनून राह्यल्या मॅडम?" वडिलांनी विचारलं.

"म्हनतात का... पोट्टी बरी आहे."

मी पाटीवर बोट आपटलं.

"म्हनतात, ठीकठाक आहे अभ्यासात."

आई चुलीपासून हसली. "गावाले ऐकू जाईन अशी बोलते, अन् आज पाहा, दातखीळ बसली."

मी पाटी घेतली, पुसली आणि दुसरं वाक्य लिहिलं. 'ती माझ्या घरी राहील. एक खोली रिकामी आहे.' प्रतीक्षानं ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. या वेळी ती लाजली नव्हती. तिच्या घशातून आवाजच निघत नव्हता. वडील वाट बघत होते. आई पातेलं हातात धरून उभी. कुणी काही बोलेना, आणि मला भीती वाटली, की ही वेळ आता अशीच निघून जाईल.

मी बोलले. "माझ्याकडे राहू द्या तिला."

जे बाहेर आलं त्याला आवाज म्हणता येणार नाही. गंजलेला दरवाजा ओढावा तसं काहीतरी. गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवून पाहिलं. प्रतीक्षाचे वडील ताडकन उभे राहिले.

"बोलू नका मॅडम! बोलू नका! घसा जाईन तुमचा! अवो, मिठाचं पानी आन लवकर!"

पुढची दहा-पंधरा मिनिटं मी त्या अंगणात गुळण्या करत होते आणि अख्खं घर, शेजारच्या दोन बायका आणि म्हैस माझ्याकडे बघत होती. एखाद्या मुलीच्या शिक्षणाची बोलणी अशी कुणी केली नसतील.

मी तोंड पुसून बाजेवर बसले तेव्हा वडील समोर उकिडवे बसले. "मॅडम, घरी कोन असते तुमच्या?"

मी मान हलवली.

"कोनीच नाई?" त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा नीट केला. मग म्हणाले, "राग नका मानू. तुमी पोट्टीसाठी आल्या, का तुमाले सोबत पाह्यजे म्हनून आल्या?"

पुण्यात हा प्रश्न कुणी विचारला नसता. आमच्याकडे विचारतात, गाडी किती वाजता येते हे विचारावं तसा. त्यात टोचणी नव्हती. मी पाटीवर एक शब्द लिहिला आणि ती त्यांच्याकडे वळवली.

'दोन्ही.'

त्यांनी तो सावकाश वाचला. "हं," म्हणाले. "इचार करतो."

फाट्यापर्यंत प्रतीक्षा सोडायला आली. वाटेत तिनं माझी पिशवी स्वतःकडे घेतली. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरी टीव्ही आहे काय?" मी मान डोलावली. "अन् कूलर?" मी पुन्हा मान डोलावली. "मंग तर लय मस्त," ती म्हणाली. गाडीत बसल्यावर मला हसू आवरेना. शेजारची बाई संशयानं बघत होती. अकोल्यात उतरून मी सरळ बाजारात गेले आणि एक नवी चादर आणि उशी घेतली.

डॉक्टरांनी पुढच्या वेळी आरसा बाहेर काढला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "बोललात." मी एक बोट वर केलं. "एक वाक्य? एका वाक्यासाठी मागचं सगळं वाया घालवलंत? काय एवढी गरज होती?" हे पाटीवर मावणारं नव्हतं. त्यांनी मौन आणखी दोन आठवडे वाढवलं आणि सांगितलं, "आवाज येईल, पण तुमचा पहिला आवाज येईलच असं नाही."

एप्रिलमध्ये परीक्षा सुरू झाली. पेपरच्या वेळी वर्गात फक्त पेनांचा आणि पंख्याचा आवाज. गावंडे सर आपली शिट्टी परत न्यायला आले आणि तक्रार करून गेले, "मॅडम, तुमचे पोट्टे बिघडले. आता शिट्टीले भीतच नाईत." एवढं मोठं प्रशस्तिपत्र दिल्याबद्दल मी त्यांना हात जोडले.

शेवटच्या पेपरच्या दिवशी प्रतीक्षाचे वडील शाळेत आले. हातात नव्या हरभऱ्याच्या डाळीची पिशवी.

"मॅडम, शिकवतो पोट्टीले. तुमी त्या दिवशी आल्या न, तवाच ठरवलं."

मला वाटलं, माझं काळीज त्यांना ऐकू जाईल.

"परतवाड्याले तिची मावशी आहे. तिच्याकडं ठेवतो. शाळा घरापासून पायी आहे. दाखला न्याले आलो."

मी मान डोलावली. पाटी काढून 'छान' लिहिलं. ते गेले नाहीत, तिथंच उभे राहिले.

"तुमच्याकडंच ठेवत होतो मॅडम, खरं सांगतो. तिची माय बी तयार होती. पन म्हटलं, सालभर राहीन, तुमाले सवय लागन. मंग धाव्वी झाली का पोट्टी जाईन. तवा तुमी काय करसान?"

मी 'छान'च्या खाली काहीच लिहिलं नाही. ते डाळ ठेवून निघाले. प्रतीक्षा मागून पळत आली, तिनं माझा मोबाइल नंबर तळहातावर लिहून घेतला आणि वडिलांच्या मागे गेली. ती मागे वळली होती का, ते मला आठवत नाही. मी पाटी पिशवीत घालत होते.

आता ती शेतकीच्या कॉलेजात शिकते. सणावाराला फोन करते, मधले काही सण विसरते, आणि ते बरोबरच आहे. मुलं विसरली नाहीत तर त्यांच्या डोक्यात नव्या गोष्टींना जागा कुठून होणार? शिक्षकानं हे पहिल्याच वर्षी शिकून घ्यावं. मी केतकीला ते सांगितलं नाही. तिला ते आपोआप कळेल, आणि आज सांगून तिचं सरबत कडू कशाला करा?

मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, "झालं. बोला आजपासून. थोडं थोडं. घरी गेल्यावर सुरुवात करा." मी घरी आले, कुलूप काढलं, आत उभी राहिले. शाळेला सुट्टी लागलेली. घरमालक लग्नाला गावी गेलेले. समोरच्या वहिनी माहेरी. परवानगी होती, आणि बोलण्यासारखं कुणी नव्हतं. पहिला दिवस तसाच गेला. दुसराही. भाजीवाल्याला मी बोटानंच दाखवलं. इतक्या दिवसांच्या मौनानंतरचा पहिला शब्द 'पाव किलो' असू नये, असं उगीच वाटत होतं.

तिसऱ्या संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, मोबाइल वाजला. अनोळखी नंबर होता. मी उचलला आणि म्हणाले, "हॅलो?"

माझा मलाच तो आवाज ओळखू आला नाही. जाड, खरखरीत, एखाद्या वयस्क परक्या बाईचा.

"हॅलो, मॅडम आहेत काय?" पलीकडून प्रतीक्षा ओरडत होती. मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "कोन बोलून राह्यलं? मॅडमले द्या न फोन."

मी खरोखरच मागे वळून पाहिलं.

"त्या... आत आहेत," मी म्हणाले. असं का म्हणाले, ते मला आजही सांगता येणार नाही.

"तुमी कोन त्याहिच्या? पाहुन्या काय?"

"हो."

"बरं झालं बाप्पा तुमी आल्या!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा खाली आला. इतक्या महिन्यांत तिला मी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "एकट्याच राह्यतात न त्या. त्याहिले घरी बोलाले बी कोनी नाई. मले बोलल्या नाईत कदी, पन मले समजे. राहा जराक दिवस. लक्ष ठेवजा त्याहिच्यावर."

"ठेवते," मी म्हणाले.

"अन् सांगजा त्याहिले, प्रतीक्षा परतवाड्याले पोचली म्हना. मावशीनं खोली देल्ली. शाळा घराजवळच आहे म्हना."

"सांगते."

फोन बंद झाला. खोलीत कूलर घरघरत होता. खिडकीजवळच्या खाटेवर नवी चादर घडीसकट पडलेली होती. मी मोबाइल खाली ठेवला. मग निरोप घेतला होता, तो द्यायला तर हवाच होता, म्हणून त्या नव्या, परक्या आवाजात मोठ्यानं म्हणाले,

"पोचली गं ती."